एकच निरोप, निरनिराळे कान : सरपटणाऱ्या प्राण्यांमधील संप्रेरकांचे ग्राही

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला, येऊरच्या उताराला लागून असलेल्या सोसायट्यांमध्ये दोन प्रकारच्या काती पाहायला मिळतात. एक कुंपणाच्या जाळीत अडकलेली, पुरुषभर लांब, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत बहुधा अखंड आणि डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसकट मोज्यासारखी उलटी होऊन निघालेली धामणीची कात. दुसरी ट्यूबलाइटच्या पट्टीमागे चिकटलेली, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, तुकड्यातुकड्यांनी सुटलेली पालीची कात. पाल आपली बरीचशी कात स्वतःच खाऊन टाकते, त्यामुळे आपल्या हाती लागतात ते उरलेसुरले तुकडेच.

साप आणि पाल हे दोन्ही प्राणी खवलेधारी सरीसृपांच्या एकाच गणात मोडतात. दोघांनाही थायरॉइड ग्रंथी असते आणि तिच्यातून पाझरणारे थायरॉक्सिन हे संप्रेरक, म्हणजेच हॉर्मोन, दोघांच्या रक्तात अणुरेणूंनिशी सारखेच असते. तुमच्या-आमच्या रक्तातले थायरॉक्सिनही तेच. असे असताना गेल्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या प्रयोगांत एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. सापाची थायरॉइड ग्रंथी काढून टाकली, तर तो नेहमीपेक्षा लवकर लवकर कात टाकू लागतो, आणि त्याला थायरॉक्सिन टोचले, तर दोन कातींमधले अंतर वाढते. गेको कुळातल्या पालींवर हाच प्रयोग केला, तेव्हा निकाल बरोबर उलटा आला : ग्रंथी काढल्यावर कात टाकणे मंदावले आणि थायरॉक्सिन दिल्यावर ते वाढले. रेणू एकच, काम एकच, आणि उत्तरे मात्र परस्परविरुद्ध. संप्रेरक म्हणजे शरीराला दिलेला हुकूम, अशी जी आपली सर्वसाधारण समजूत असते, तिला या एका प्रयोगाने तडा जातो.

हा तिढा समजून घेण्यासाठी सायंकाळी साडेसहाच्या ठाणे स्थानकाचा विचार करावा. कर्जतला जाणाऱ्या जलद गाडीची उद्घोषणा होते. ती फलाटावरच्या प्रत्येक माणसाच्या कानावर पडते. पण वाशी-पनवेलकडे जाणारा प्रवासी मोबाइलमधून मान वर करत नाही. कर्जतचा प्रवासी मात्र सावध होतो, पुलावर असलेला पायऱ्यांवरून धावत सुटतो, बायका महिलांच्या डब्याची जागा धरतात आणि स्टॉलवाला गर्दी येणार म्हणून वड्यांचा ताट पुढे सरकवतो. उद्घोषणेत ‘धावा’ असा शब्द नव्हता आणि ‘ताट सरकवा’ असाही नव्हता. रक्तातून फिरणारे संप्रेरक हे असेच असते. ते शरीरभर पोहोचते, पण ज्या पेशींजवळ ते ऐकणारा कान आहे, त्यांनाच ते कळते. आणि कळल्यावर काय करायचे, हे त्या पेशीच्या स्वतःच्या घडणीवर ठरते. या कानाला शास्त्रीय मराठीत ग्राही म्हणतात. बोलताना आपण सरळ रिसेप्टर म्हणतो.

ग्राही हे एक प्रथिन असते. त्याच्या घडीत एक खोबण असते आणि त्या खोबणीत ठरावीक आकाराचा, ठरावीक विद्युतभाराचा रेणूच नेमका बसतो. शाळेच्या पुस्तकांतून यासाठी कुलूप-किल्लीची उपमा दिलेली असते आणि ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. घरातले कुलूप किल्ली फिरवल्यावरही कुलूपच राहते. ग्राही मात्र संप्रेरक बसताच स्वतःची घडी बदलतो आणि त्या बदललेल्या आकारामुळे तो पेशीतील इतर प्रथिनांना चिकटण्यास योग्य होतो. शिवाय हे सारे अत्यल्प प्रमाणावर चालते. सरीसृपांच्या रक्तातील लैंगिक संप्रेरकांचे मोजमाप दर मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम किंवा त्याहूनही कमी अशा भाषेत होते, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जांश भाग. एवढ्याशा निरोपाचा माग लागावा म्हणून ग्राहीला आपला रेणू घट्ट धरून ठेवावा लागतो.

असे काही प्रथिन खरोखर आहे, हे दाखवण्याचे श्रेय शिकागोच्या एलवुड जेन्सन यांना जाते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रॅडिओल हे स्त्री-संप्रेरक लहान मादी उंदरांना टोचले आणि ते कुठे जाऊन साठते याचा माग काढला. स्नायूंमधून ते आले तसे निघून गेले. गर्भाशयाच्या पेशींनी मात्र ते धरून ठेवले. म्हणजे तिथे काहीतरी धरणारे होते. पुढे सस्तन प्राण्यांत या संप्रेरकाचे दोन ग्राही सापडले, अल्फा आणि बीटा, आणि सरीसृपांमध्येही ही जोडी आहे असे दिसून आले. ही जोडी लक्षात ठेवावी. मगरींकडे आल्यावर ती उपयोगी पडणार आहे.

ग्राहींचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. ॲड्रेनलीनसारखी किंवा प्रथिनांच्या तुकड्यांची बनलेली संप्रेरके पेशीच्या स्निग्ध पटलातून आत शिरू शकत नाहीत. त्यांचे ग्राही दारावरच्या बेलसारखे पटलावर बसवलेले असतात, बाहेर बटण दाबले की आत घंटी वाजते, आणि परिणाम काही सेकंदांत किंवा मिनिटांत दिसतो. इस्ट्रॅडिओल, टेस्टोस्टेरॉन, थायरॉइडचे संप्रेरक आणि ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप यांचे मुख्य ग्राही पेशीच्या आत असतात. त्यांना संप्रेरक मिळाले की ते केंद्रकातील डीएनएच्या ठरावीक जागांवर बसून जनुके चालू किंवा बंद करतात. हे काम सावकाशीचे आहे, त्याला तास किंवा दिवस लागतात, पण त्याचा परिणाम पुष्कळदा कायमचा असतो.

थायरॉइडचे ग्राही यातही थोडे वेगळ्या स्वभावाचे आहेत. ते संप्रेरक येण्याची वाट न पाहता आधीपासूनच डीएनएवर बसलेले असतात आणि रिकामे असताना अनेक जनुकांना दाबून ठेवतात. संप्रेरक आले की तोच ग्राही त्याच जनुकांना मोकळे करतो. त्यातही थायरॉक्सिन थेट फारसे वापरले जात नाही. पेशीतील विकरे, म्हणजेच एन्झाइम, त्याच्यावरच्या चारपैकी एक आयोडीन अणू काढून टाकतात आणि मग तयार झालेला तीन आयोडीनचा रेणू ग्राहीत घट्ट बसतो. म्हणजे एका पेशीजवळ हे विकर किती आहे, ग्राही किती आहेत, ते कोणत्या जनुकांवर बसले आहेत आणि त्यांच्या जोडीला कोणती प्रथिने आहेत, एवढ्या साऱ्या गोष्टींवर एकाच थायरॉक्सिनचा अर्थ अवलंबून राहतो. कातीवर आलेल्या सापाचे डोळे दुधाळ निळसर होतात, कारण जुन्या कातडीखाली नवी तयार होऊन मधला थर सुटू लागलेला असतो. सापाच्या त्वचेत थायरॉइडचे संप्रेरक हे नवे थर सुरू होण्याला धरून ठेवते, पालीच्या त्वचेत तेच त्यांना पुढे ढकलते, आणि रेणू एकच असल्यामुळे हा फरक ऐकणाऱ्या पेशींच्या घडणीतच शोधावा लागतो.

पटलावरच्या ग्राहींचे इतकेच बोलके उदाहरण अमेरिकेतील हिरव्या ॲनोल सरड्याने दिले आहे. आपल्याकडचा घोयरा, म्हणजे खरा शॅमेलिऑन, रंग बदलतो तो मुख्यतः मज्जातंतूंच्या आदेशाने; ॲनोलच्या रंगपेशींपर्यंत मात्र मज्जातंतू पोहोचतच नाहीत आणि सगळा कारभार रक्तातून येणाऱ्या संप्रेरकांवर चालतो. त्याच्या त्वचेत तळाशी फांद्याफांद्यांच्या काळ्या रंगपेशी असतात. त्यांतले काळे कण फांद्यांमध्ये पसरले की सरडा तपकिरी दिसतो, मध्यभागी गोळा झाले की वरचे पिवळे व निळसर परावर्तन करणारे थर उघडे पडून तो हिरवा दिसतो. आता ॲड्रेनलीन आले, तर काय होईल? त्याचे उत्तर ग्राहीवर आहे. ॲड्रेनलीनच्या ग्राहींपैकी अल्फा-२ जातीचा चेतला की कण गोळा होतात, बीटा-२ जातीचा चेतला की पसरतात. अंगावरच्या बहुतेक रंगपेशींवर दोन्ही ग्राही असतात आणि त्यांत अल्फाचे पारडे जड ठरते, म्हणून घाबरलेला सरडा हिरवा राहतो. पण डोळ्याच्या लगेच मागे असलेल्या छोट्याशा पट्ट्यातील पेशींवर अल्फा ग्राहीच नाहीत, त्यामुळे त्याच ॲड्रेनलीनने तिथे काजळाच्या तिटेसारखा काळा ठिपका उमटतो. दोन नर समोरासमोर आले असताना हिरव्या अंगावर हा ठिपका उमटताना पाहिला, म्हणजे ग्राही ही केवळ कागदावरची कल्पना नाही, याची खात्री पटते.

आता जो भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो, त्याकडे येऊ. ठाणे-नवी मुंबईतल्या पाणवठ्याकाठच्या झुडपांत मे-जूनच्या सुमारास बागेतल्या सरड्याच्या नराचा गळा लालभडक होतो, मादी मऊ मातीत खड्डा करून अंडी पुरते आणि निघून जाते. त्या अंड्यांतून नर निघणार की मादी, हे आपल्यासारखे गुणसूत्रांवर ठरत असावे असे कुणालाही वाटेल. परंतु या सरड्यात लिंग ठरवणारी वेगळी गुणसूत्रे ओळखता आलेली नाहीत, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या अभ्यासात अंडी उबवण्याचे तापमान चढवत नेले असता मादी, नर, पुन्हा मादी, पुन्हा नर अशी चढउताराची मालिका दिसली. तापमानाचा लिंगावर असा परिणाम होतो, हे पहिल्यांदा दाखवले ते मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने, १९६६ मध्ये, सेनेगलमधील डाकार येथे, आपल्या सरड्याच्याच नात्यातल्या अगामा सरड्यांवर. पवईच्या तलावात राहणाऱ्या मगरीचे गणित निराळे आहे. मद्रास क्रोकोडाइल बँक या मगरी-संवर्धन केंद्रात या जातीच्या अंड्यांवर झालेल्या अभ्यासात, जो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, ३१ अंश सेल्सियसपर्यंत उबवलेल्या अंड्यांतून माद्या, ३२.५ अंशांना नर आणि ३३ अंशांना पुन्हा नर व माद्या दोन्ही निघाल्या. अर्ध्या-एक अंशाचा हा खेळ आहे. एसीचा आकडा एकाने बदलला तर खोलीत जेवढा फरक पडेल, तेवढ्यावर एका मगरीचे लिंग ठरते.

उष्णतेचे रूपांतर लिंगात कसे होते? अंड्यातल्या गर्भाची जननग्रंथी सुरुवातीला ना अंडाशय असते ना वृषण. दोन्ही होण्याची तिची तयारी असते. उबवण्याच्या साधारण मधल्या तृतीयांश काळात ती तापमानाला संवेदनशील असते. माद्या निपजवणाऱ्या तापमानाला या ग्रंथीत ॲरोमॅटेज नावाचे विकर वाढते. ते टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रॅडिओलमध्ये रूपांतर करते, इस्ट्रॅडिओल आपल्या ग्राहीत जाऊन बसते आणि ग्रंथी अंडाशयाच्या वाटेला लागते. हा शेवटचा दुवा किती निर्णायक आहे, हे अगदी साध्या प्रयोगातून दिसते. लाल कानांच्या कासवाची, म्हणजे आपल्याकडच्या मत्स्यालयाच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या रेड-इअर्ड स्लायडरची अंडी २६ अंशांना उबवली तर नर निपजतात आणि ३१ अंशांना माद्या. पण २६ अंशांवरच्या अंड्याच्या कवचावर अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या इस्ट्रॅडिओलचा थेंब योग्य वेळी सोडला, तर त्या नरांच्या तापमानातही मादी जन्माला येते. ग्राहीच्या दृष्टीने पाहता, निरोप उन्हाने धाडला की पिपेटने, याला काही अर्थ नाही.

याच कासवात अलीकडे आणखी मागचे दुवेही उलगडले आहेत. २०१८ मध्ये असे दिसले की थंड अंड्यात केडीएम-६-बी नावाचे प्रथिन नर होण्यासाठी लागणाऱ्या एका जनुकावरची रासायनिक झाकणे काढून ते मोकळे करते, आणि २०२० मध्ये असे दिसले की उबदार अंड्यात कॅल्शियमच्या ओघामुळे चेतलेले दुसरे प्रथिन त्या केडीएम-६-बीलाच दाबून टाकते. तपशिलात फार शिरत नाही; एवढे पुरे की तापमान ओळखण्याचे काम इस्ट्रॅडिओलचा ग्राही करत नाही, तो या साखळीत बराच पुढे उभा आहे.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली इस्ट्रॅडिओलच्या ग्राहींची अल्फा-बीटा जोडी इथे कामाला येते. मगरीच्या नात्यातल्या अमेरिकन ॲलिगेटरमध्ये ३३ अंशांना नर आणि ३० अंशांना माद्या निपजतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नरांच्या तापमानावरील अंड्यांना दोन वेगवेगळी रसायने देण्यात आली : एक केवळ अल्फा ग्राहीला चेतवणारे, दुसरे केवळ बीटाला. अल्फा चेतवलेल्या गर्भांत अंडाशय तयार झाले. बीटा चेतवलेल्यांत नाही. दोन्ही ग्राही इस्ट्रॅडिओलच ऐकतात, तरीही मादी घडवण्याची आज्ञा पुढे नेण्याचे काम त्यांपैकी एकाकडेच आहे.

खोबणीत नेमका रेणूच बसतो, असे वर म्हटले. ते पूर्णपणे खरे असते तर बरे झाले असते. फ्लोरिडातील अपोप्का तलावाच्या काठावरील एका कीटकनाशक कारखान्यातून १९८० मध्ये डायकोफॉल आणि डीडीटी यांची मोठी गळती झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत तलावातील ॲलिगेटरच्या पिल्लांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घसरली. लुई गिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्या पिल्लांचे रक्त तपासले, तेव्हा नर पिल्लांतील टेस्टोस्टेरॉन स्वच्छ तलावातील नरांच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरले, म्हणजे जवळजवळ माद्यांइतके, तर मादी पिल्लांतील इस्ट्रॅडिओल जवळपास दुप्पट. त्यांच्या जननेंद्रियांची वाढही खुंटलेली होती. १९९६ मध्ये ॲलिगेटरच्या अंडवाहिनीतील इस्ट्रोजेनचे, म्हणजे इस्ट्रॅडिओल ज्यात मोडते त्या स्त्री-संप्रेरकांच्या गटाचे, ग्राही घेऊन चाचण्या झाल्या आणि डीडीटी गटातील काही रसायने त्या खोबणीत खरोखरच अडकतात, असे दिसले. ही रसायने त्यासाठी कुणी बनवली नव्हती. त्यांचा आकार जुळला, एवढेच. एखाद्या संप्रेरकासारखे वागणारे किंवा त्याची जागा अडवून बसणारे हे परके रेणू विषासारखे लगेच मारत नाहीत, त्यामुळे मेलेले मासे मोजून ते सापडत नाहीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रासायनिक कारखाने आणि खाडी यांच्या मधोमध राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट दूरच्या देशातली म्हणून सोडून देऊ नये.

हे शोधण्याची एक सुबक युक्तीही ग्राहींमुळेच मिळाली आहे. मादी सरीसृपाच्या यकृतातील इस्ट्रोजेन ग्राही चेतले की यकृत व्हायटेलोजेनिन हे प्रथिन बनवते. ते रक्तातून अंडाशयात जाऊन पिवळा बलक तयार होतो. नराला अंडी घालायची नसतात, पण त्याच्या यकृतात हे ग्राही असतातच, कुणी न बोलावल्यामुळे गप्प बसलेले. म्हणून नर कासवाच्या रक्तात बलकाचे प्रथिन सापडले, तर त्या पाण्यात इस्ट्रोजेनची नक्कल करणारे काहीतरी आहे असा संशय घेता येतो.

वर्तनाबद्दल थोडक्यात. आपल्या गच्चीवरच्या कुंड्यांच्या मातीत सापडणारा, गांडूळ समजून टाकून दिला जाणारा वाळा हा साप ठाऊक असेल. या जातीत नर नसतातच, सगळ्या माद्या, आणि त्या नराविना प्रजनन करतात. अमेरिकेच्या वाळवंटी भागातील व्हिपटेल सरड्यांच्या एका जातीतही तसेच आहे. पण तिथल्या माद्या आळीपाळीने एकमेकींवर नरासारख्या चढतात. अंडे सुटण्यापूर्वी इस्ट्रोजेन जास्त असताना मादी मादीसारखी वागते, आणि अंडे सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढले की तीच नराचे वर्तन करते. इतर सरड्यांत नराकडून हे वर्तन टेस्टोस्टेरॉन करवून घेते. इथे नरही नाही आणि तितके टेस्टोस्टेरॉनही नाही, तेव्हा मेंदूच्या ज्या भागातून हे वर्तन चालते, त्याच भागातील प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहींनी ते काम अंगावर घेतलेले दिसते.

ग्राहीची ओळख दवाखान्यात कशी कामाला येते, हे मी नवी मुंबईतील एका पशुवैद्याच्या दवाखान्यात पाहिले आहे. खारघरहून एक बाई बादलीत स्लायडर कासवी घेऊन आल्या होत्या. आठवडाभर ती काही खात नव्हती आणि टाकीच्या काचेवर मागच्या पायांनी सारखी खरडत होती. एक्स-रेमध्ये पोटात सात अंडी खड्यांसारखी स्पष्ट दिसली. ‘अहो डॉक्टर, पण आमच्याकडे नर नाहीच!’ हा बाईंचा पहिला प्रश्न. नर नसला तरी मादी न फळलेली अंडी धरू शकते, आणि खणायला माती मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते, हे त्यांना सांगावे लागले. डॉक्टरांनी आधी कॅल्शियम दिले, मग ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले आणि कासवीला कोमट पाण्याच्या टबात ठेवून वर पंचा टाकून अंधार केला. तासाभरातच पहिले अंडे पाण्यात पडले.

ऑक्सिटोसिन हे सस्तन प्राण्यांचे संप्रेरक. बाळंतपणात कळा वाढवण्यासाठी देतात तेच. कासवाच्या शरीरात ते बनतच नाही. त्याच्याकडे असते मेसोटोसिन आणि व्हॅसोटोसिन, आणि अंडी बाहेर ढकलण्याचे मुख्य काम व्हॅसोटोसिनचे. हे तिन्ही रेणू नऊ-नऊ अमिनो आम्लांच्या माळा आहेत आणि त्यांच्यात फरक आहे तो फक्त आठव्या मण्याचा : ऑक्सिटोसिनमध्ये तिथे ल्युसिन, मेसोटोसिनमध्ये आयसोल्युसिन, व्हॅसोटोसिनमध्ये आर्जिनिन. बाकीचे आठ मणी तेच असल्यामुळे माणसासाठी बनवलेली बाटली कासवाच्या अंडवाहिनीवरील ग्राहींना ओळखीची वाटते. कासवांत हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो. साप आणि सरड्यांत मात्र तो तितका भरवशाचा नाही, आणि उशीर झाला असेल तर पुष्कळदा शस्त्रक्रियाच करावी लागते. एका मण्याचा फरक कोणी चालवून घेते, कोणी घेत नाही. कॅल्शियम आधी का, याचेही कारण ग्राहीशीच जोडलेले आहे : ग्राहीने आत घंटी वाजवली तरी स्नायू आकुंचन पावण्यासाठी कॅल्शियम लागते, ते नसेल तर निरोप पोहोचूनही काम होत नाही. (हा उपाय घरी करून पाहण्याचा नव्हे, अंडे वाटेत आडवे अडकलेले असेल तर कळा वाढवल्याने अंडवाहिनी फाटू शकते.)

त्याच बाईंच्या कासवीची पाठ कडेने मऊ पडली होती. टाकी रोज दुपारी खिडकीतल्या उन्हात असते, असे त्यांनी ठामपणे सांगितले, आणि ते खरेही होते; परंतु खिडकी बंद होती. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील लहरी लागतात आणि खिडकीची साधी काच नेमक्या त्याच अडवते. त्वचेत तयार झालेले जीवनसत्त्व यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून त्याचे कॅल्सिट्रिऑल होते, आणि हे कॅल्सिट्रिऑल आतड्याच्या पेशींतील ग्राहीत बसले, तरच अन्नातले कॅल्शियम शोषून घेणारी प्रथिने पुरेशी तयार होतात. ग्राही रिकामे राहिले, तर शरीर रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडे आणि कवच पोखरू लागते. कॅल्शियमच्या गोळ्या कितीही टाकल्या तरी त्यांतले बरेचसे कॅल्शियम आतड्यातून सरळ निघून जाते. बाल्कनीत उघडे ऊन, जोडीला अर्धी सावली, आणि पावसाळ्यात यूव्हीबी दिवा, एवढीच गरज असते. (कंटाळा आला म्हणून हे कासव उपवनच्या किंवा कुठल्याही तलावात नेऊन सोडणे हा मात्र पर्याय नव्हे. जगातील सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे.)

शेवटी एका सरड्याने माणसाच्या ग्राहीशी जमवलेल्या नात्याबद्दल. जेवण झाल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सुटते. स्वादुपिंडावरील त्याचे ग्राही साखर वाढलेली असतानाच इन्सुलिन सोडायला लावतात आणि मेंदूतले ग्राही पोट भरल्याची जाणीव देतात. मधुमेहावर हे उत्तम औषध ठरले असते, पण रक्तातील एक विकर त्याचे टोक कापून टाकते आणि दोन-तीन मिनिटांतच त्याचा निम्मा भाग निकामी होतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कचे जॉन इंग यांनी गिला मॉन्स्टर या अमेरिकेतील विषारी सरड्याच्या विषात एक्सेंडिन-४ नावाची माळ शोधली. तिचे सुमारे निम्मे मणी माणसाच्या जीएलपी-१ सारखे आहेत, ती त्याच ग्राहीत बसते आणि टोकाजवळचा एक मणी वेगळा असल्यामुळे त्या विकराची कात्री तिच्यावर चालत नाही. या माळेची प्रयोगशाळेत बनवलेली प्रत एक्सेनाटाइड या नावाने २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहाचे औषध म्हणून मंजूर झाली.

वजन उतरवणाऱ्या ज्या इंजेक्शनांची हल्ली वाशी-नेरूळच्या औषधांच्या दुकानांतून चौकशी होते, ती सरड्यापासून काढतात असा एक समज पसरला आहे, आणि तो चुकीचा आहे. त्यांतले सेमाग्लुटाइड माणसाच्याच जीएलपी-१ मध्ये एक-दोन मणी बदलून आणि त्याला चरबीची शेपटी जोडून बनवले आहे. टिरझेपॅटाइड हे जीएलपी-१ आणि जीआयपी अशा दोन संप्रेरकांच्या ग्राहींना एकच रेणू चेतवील, अशा बेताने घडवले आहे. सरड्याच्या विषातून आलेले होते ते आधीचे एक्सेनाटाइड. आणि त्याच्याही उत्पादनासाठी एकही सरडा पकडावा लागला नाही.